जोआर आला की होडी सुटते

(सामुदायिक रेडिओवरील महिला गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल तर फोडता फोडता ऐका, भाकरी थापत असाल तर थापता थापता ऐका. आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सात जणी. माईकपुढं एकच बसलीय, पण हे लिहून काढलंय सातही जणींनी मिळून, म्हणून सगळीकडं ‘आम्ही’च म्हणणार आहोत.

आम्ही सुंदरबनातल्या एका बेटावर जाऊन आलो. आल्यापासून गावात एकच प्रश्न विचारला जातोय, “देव ना देवस्थान, तिकडं कशाला गेला होता?” त्याचं उत्तर आज देतो.

सुरुवात भांडणानं झाली, तीही सांगूनच टाकतो. आमच्यातल्या एकीचा पुतण्या कलकत्त्यात गलाईच्या धंद्यात आहे. आपल्या माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर पांगलीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या बायकोकडं धुणंभांडी करायला एक बाई येते. ती राहते कॅनिंगला, आणि तिचं माहेर सुंदरबनातल्या सातजेलिया बेटावर. पुतणसून सुट्टीला गावी आली तेव्हा आमच्या बैठकीत बसली आणि त्या बाईच्या माहेरच्या गोष्टी सांगायला लागली. चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला नाही. आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमच्याकडं पाण्यावाचून हाल, तिथं पाण्यानंच हाल. त्या बायका कशा राहत असतील, हे बघायचं मनात आलं.

पैसे कुठून आणायचे यावर वाजलं. एकजण म्हणाली, गटाच्या व्याजातून घेऊ. आक्का उसळल्या, “त्या पैशातनं कुणाची शेळी यायची, कुणाच्या पोरीची फी भरायची. फिरायला त्यातला एक रुपया मिळणार नाही.” महिनाभर दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी वेगळा डबा केला. ज्यांना यायचंय त्यांनी आठवड्याला पन्नास रुपये टाकायचे. पावणेदोन वर्षं टाकले. गटाच्या खात्याला हात लावला नाही. आणि गंमत अशी की डब्यात पहिली नोट आक्कांनीच टाकली. वय अडुसष्ट. म्हणाल्या, “जन्मभर टँकरची वाट बघितली, एकदा पाणी तर डोळे भरून बघू दे.”

मार्गशीर्षात निघालो. ज्वारीची खुरपणी आटोपली होती. तिकडं वादळाचे महिने वैशाख-ज्येष्ठ आणि मग दिवाळीच्या आसपास, म्हणून थंडीच बरी, असं त्या बाईनंच कळवलं होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पुण्यापर्यंत स्वस्तात पोचलो. पुण्याहून संध्याकाळी आझाद हिंद एक्सप्रेस. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस गाडीत. महाराष्ट्र, छत्तीसगड, झारखंड ओलांडत तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या तिथपर्यंत पुरल्या. पुतण्या स्टेशनवर आला होता. एक दिवस त्याच्या खोलीवर पाठ टेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईबरोबर निघालो. ती आम्हा सगळ्यांना ‘माशी’ म्हणायला लागली. आक्का फणकारल्या, “माशी कुणाला म्हणतेस गं?” मग कळलं, बंगालीत माशी म्हणजे मावशी.

सियालदह स्टेशनातून कॅनिंगची लोकल मिळते. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि तिकीट दोन कप चहाच्या किमतीएवढं. आम्ही निघालो तेव्हा आमची गाडी निम्मी मोकळी होती, पण समोरून येणाऱ्या गाड्यांतून बायका मुंग्यांसारख्या उतरत होत्या. कॅनिंगकडच्या गावांतून रोज पहाटे निघून शहरातल्या घरांत केरफरशी, स्वयंपाक, पोरं सांभाळायला येणाऱ्या. आमची सोबतीण त्यांतलीच. रोज अंधारात घर सोडते आणि अंधारात परत जाते. आज माहेरी जायचं म्हणून दोन दिवसांची रजा, तीही बिनपगारी. ते कळलं तेव्हा आम्हाला अवघडल्यासारखं झालं. त्या दोन दिवसांचे पैसे आम्ही डब्यातून देऊ केले. तिनं घेतले नाहीत. आम्ही येताना तिच्या पोराच्या हातात ठेवले.

कॅनिंग हे शेवटचं स्टेशन. गावाशेजारी मातला नदी. बंगालीत माताल म्हणजे दारू प्यालेला. आपणही ‘मातला’ म्हणतोच की! नदी तशीच आहे. इंग्रजांनी तिच्या काठी मोठं बंदर बांधायचं ठरवलं, रेल्वेही त्यासाठीच आणली. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक जाणकार होता. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानंच बनवलेला. त्यानं १८५३ मध्ये सरकारला लिहून कळवलं होतं की, इथं बंदर बांधू नका, एक दिवस वादळ सगळं घेऊन जाईल. कुणी ऐकलं नाही. १८६७ च्या वादळात बंदराची वाताहत झाली आणि थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, “जाणत्याचं न ऐकायची खोड सगळीकडंच आहे म्हणायची.”

आता मातलेवर पूल आहे. पलीकडं शेअर गाडीनं बासंतीवरून गोदखाली. दाटीवाटीनं बसून तासाभराचा रस्ता. गोदखालीला रस्ता संपतो. इथून पुढं गाडी नाही, फक्त पाणी.

मैत्रिणींनो, आम्ही सात जणींत पोहता येणारी एकही नाही. आमच्या विहिरीला पाणीच नसतं, पोहायला शिकणार कुठं? काठावर उभं राहिलो तर समोर राखाडी, गढूळ, वाहतं पाणी, आणि पलीकडं गोसाबा. होडी लाकडी, मधोमध डिझेलचं इंजिन. तिचं नाव ‘भुटभुटी’, कारण ती तसाच आवाज करते. त्या होडीत आमच्याआधी चढलं काय काय? दोन सायकली, गॅसच्या टाक्या, कोबीची पोती, एक शेळी, शाळेतली पोरं, आणि डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेतलेली एक आजी. आजी चालत्या होडीत उभी होती, पाटीला हातसुद्धा लावला नव्हता. तिच्याकडं बघून आमची भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी डोळे मिटून काढली. दहा मिनिटांत पलीकडं.

गोसाब्याच्या बाजारात गर्दी आपल्या म्हसवडच्या आठवडी बाजारासारखी. तिथं आम्ही एक गोष्ट ऐकली ती गटांसाठी मोलाची आहे. डॅनियल हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश व्यापारी होता. त्यानं १९०३ मध्ये ही बेटं सरकारकडून घेतली आणि भूमिहीन माणसं आणून वसवली. सावकाराच्या कचाट्यातून माणूस सुटायचा तर पत एकमेकांनीच द्यायला हवी, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं सहकारी पतसंस्था, भांडार, बँक, भाताची गिरणी असं एकेक उभं केलं. १९३६ मध्ये तर त्यानं गोसाब्यापुरती एक रुपयाची नोटच काढली. बांध घालायला, जमीन सुधारायला जे राबतील त्यांना ती मजुरीत मिळे आणि भांडारात चाले. रवींद्रनाथ ठाकूर १९३२ मध्ये हे काम बघायला येऊन राहिले होते. तो बंगला अजून आहे. सगळंच काही त्याच्यामागं टिकलं नाही. पण आपण दर आठवड्याला जे पन्नास-शंभर रुपये जमवतो, त्याच विचारावर शंभर वर्षांपूर्वी एका खाऱ्या बेटावर माणसं जगायला शिकली, हे ऐकून आम्हाला आमच्या बचत पुस्तकाची किंमत कळली.

पुढं रांगाबेलिया लागतं. १९६७ मध्ये तुषार कांजीलाल हे तिथल्या शाळेचे हेडमास्तर होऊन आले आणि अनेक वर्षं तिथंच राहिले. त्यांच्या पत्नी बीना कांजीलाल यांनी तिथल्या बायकांची समिती बांधली. त्या कामाचं नाव आजही बायका काढतात.

गोसाबा ते पाखिरालय टोटोनं गेलो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. तिथून दुसरी होडी. पण घाटावर पोचलो तर होडीच नाही! पाणी खाली गेलेलं, मध्ये नुसता चिखल. नावाडी म्हणाला, “जोआर आला की सुटेल.” आक्कांनी ऐकलं ‘जवार’. त्यांनी लगेच विचारलं, “हितं ज्वारी पिकती व्हय?” आमची सोबतीण पोट धरून हसली. जोआर म्हणजे भरती, आणि भाटा म्हणजे ओहोटी. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि रोजची वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी दोन पुरुष वर चढतं आणि तेवढंच उतरतं. तिथल्या बायकांना घड्याळ लागत नाही. स्वयंपाक कधी करायचा, बाजाराला कधी जायचं, पोराला डॉक्टरकडं कधी न्यायचं, सगळं पाणी ठरवतं. आम्ही दोन तास घाटावर बसलो. कोण चिडलं नाही. टँकरची वाट बघणाऱ्यांना वाट बघायला कुणी शिकवावं लागत नाही.

सातजेलियाला तिच्या माहेरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मातीची घरं, पुढं तळं, तळ्याभोवती नारळ आणि केळी. तळं खोदून निघालेल्या मातीनं घराचा चौथरा उंच करतात. आंघोळ, भांडी, मासे सगळं त्या तळ्यावर, कारण त्यात पावसाचं गोड पाणी. पिण्याचं पाणी खोल कूपनलिकेवरून आणायचं. तिथंही रांग, कळशा आणि भांडणं. ती रांग बघून आम्हाला गावी आल्यासारखं वाटलं.

घर चालवते तिची वहिनी. आमच्यातल्या धाकटीच्याच वयाची. नवरा जंगलाच्या खाडीत खेकडे धरायला गेला तो वाघानं नेला. सुंदरबनात अशा विधवा गावोगाव आहेत. सरकारी परवाना घेऊन, ठरलेल्या भागात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मागता येते. बिनपरवाना गेला, किंवा मनाई असलेल्या भागात शिरला, तर घरचे बोलायलाही घाबरतात. तिच्या नवऱ्याकडं परवाना नव्हता. वर चार लोक तिलाच बोलले, हिनंच काहीतरी नेम मोडला म्हणून. नवरा जंगलात असेतो बायकोनं केस विंचरायचे नाहीत, भांडण करायचं नाही, असे नेम तिकडं पाळतात. माणूस गेला वाघानं, आणि बोल लागला बाईला. मैत्रिणींनो, हे ऐकताना आम्हाला आपल्याकडच्या, कर्जापायी नवरा गेलेल्या बायका आठवल्या. त्यांनाही कुणीतरी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतंच ना? आमच्या गटात अशा दोघी आहेत. त्या रात्री त्या पहिल्यांदा त्यावर बोलल्या, आमच्याशी नाही, त्या वहिनीशी, मोडक्या हिंदीत. आम्ही गप्प बसून ऐकलं. पंधरा वर्षं एका गटात बसतो आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

सकाळी वहिनीनं बांध दाखवला. ही बेटं भरतीच्या पाण्यापेक्षा सखल आहेत. सभोवती मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे. सुंदरबनच्या भारतातल्या भागात शंभरावर बेटं, त्यांतल्या चोपन्नांवर माणसं राहतात. २५ मे २००९ ला आयला वादळ आलं, बांध फुटला, खारं पाणी शेतात घुसलं. तळ्यातले मासे मेले, जमिनीवर मिठाचा पापुद्रा आला, दोन-तीन वर्षं भात झाला नाही. पुरुष केरळ, तमिळनाडूकडं मजुरीला गेले, ते अजून जातातच. मग २०२० ला अम्फान आणि २०२१ ला यास. दर वेळी पुन्हा बांध, पुन्हा तळं उपसायचं. कोकणातल्या खारबंदिस्तीच्या गावांना हे दुखणं नवीन नाही.

पण त्या बसून राहिल्या नाहीत. खाऱ्या जमिनीत तग धरणारी नोना बोकरा, दूधेश्वर ही भाताची जुनी वाणं लोकांनी पुन्हा पेरायला काढली. बांधाबाहेरच्या चिखलात बायका तिवरांची रोपं लावतात, म्हणजे लाट आधी झाडांवर आपटते आणि मग बांधावर. ज्या बाईला पूर्वी छातीभर पाण्यात उभं राहून कोळंबीचं बी जाळ्यानं ओढावं लागायचं, अंगाला खाज आणि मगरीची भीती सोसत, ती आता तळ्याकाठी बदकं पाळते, भाजी लावते. सगळ्यांना ते जमलेलं नाही. वहिनी अजूनही कधीकधी पाण्यात उतरते.

आता शेवटच्या रात्रीचं सांगतो. जेवणं होऊन आम्ही आडवं झालो होतो. शेजारच्या घरातून हाक आली. पहिलटकरीण, दिवस भरायला दोन आठवडे होते आणि कळा सुरू झाल्या. दवाखाना गोसाब्याला. मध्ये नदी, आणि ओहोटी लागलेली.

आम्ही घाबरलो. त्या नाही. एकीनं पत्र्याचा डबा आणला. त्यात जुन्या धुतलेल्या साड्या, कागदपत्रं, बॅटरी, आणि सुटे पैसे. नावाड्याचा नंबर डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेला. आशाताईला फोन गेला. चार पुरुषांनी खाट उचलली. गावात होते तेवढेच धडधाकट पुरुष, बाकीचे परगावी. घाटाच्या पायऱ्या संपल्या आणि पुढं चिखल. आम्ही बॅटऱ्या धरून दोन रांगांत उभ्या राहिलो. चिखलात कसं चालायचं ते वहिनीनं त्याच दिवशी शिकवलं होतं. टाच टेकवायची नाही, बोटं रुतवायची आणि पाय सरळ वर न काढता तिरका काढायचा. आमच्यातली एक कंबरेपर्यंत पडली, पण बॅटरी तिनं वर धरली होती. होडी सुटली. भुटभुट आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी निघालो. हावड्याला गाडीत बसलो तेव्हा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. डब्यातल्या सगळ्यांना आम्ही गूळ-शेंगदाणे वाटले. त्यांना वाटलं आमच्यातल्याच कुणाला नात झाली.

परतीच्या वाटेवर दोन रात्री आम्ही एकच बोलत होतो. आपल्या गावात डांबरी सडक आहे, १०८ ला फोन केला की गाडी येते. तरी मागच्या वर्षी आमच्याच वाडीतल्या लेकीला निघायला उशीर झाला. का, तर पैसे कुणाकडं, कार्ड कुठं, नेणार कोण, सासूला विचारलं का, यातच दोन तास गेले. आमच्याकडं नदी आडवी नाही, ओहोटी नाही. आम्हीच आडव्या आलो. तो उशीर तिच्या बाळाला भोवला. हे रेडिओवर बोलावं की नाही यावर आमच्यात पुन्हा वाजलं. मग तिनंच सांगितलं, बोला.

तर आता आमच्या गटात दोन पत्र्याचे डबे आहेत. एक प्रवासाचा आणि एक बाळंतपणाचा. दुसऱ्यात तेच सगळं, जे सातजेलियाच्या डब्यात होतं. सातवा महिना लागला की डबा त्या घरी जातो. आतापर्यंत तीन घरी जाऊन आला.

तुमच्यापैकी कुणी निघणार असाल तर चार गोष्टी सांगतो. आधार कार्ड प्रत्येकीनं स्वतःजवळ ठेवा, एकीच्याच पिशवीत सगळ्यांची नको. पैसे तिघींत वाटून ठेवा. घाटावर पोचल्यावर पहिलं हे विचारा की शेवटची होडी कधी, आणि दुसरं, ओहोटी कधी. रबरी चप्पल न्या, पण चिखलात ती हातात घ्या. होडीत सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नका, आणि फोटोसाठी उभ्या राहू नका. रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त घ्या, कारण पाणी कधी अडवेल सांगता येत नाही. जंगलाच्या भागात जायचं तर परवाना आणि वाटाड्या लागतो; आम्ही गेलो नाही, आमचं काम माणसांशी होतं. जाऊन-येऊन, खाण्यापिण्यासह, माणशी चार हजारांच्या आत भागलं, कारण राहणं घरात होतं आणि गाड्या सगळ्या सार्वजनिक.

आम्ही त्यांना काय दिलं? बाजरीचं पीठ, तीळ, आणि आक्कांनी शिवलेली एक गोधडी. ती गोधडी त्या नव्या मुलीकडं गेली, असं कळलं.

निघताना वहिनीनं विचारलं होतं, तुमच्याकडं विहीर किती खोल असते? आम्ही म्हणालो, साठ-सत्तर फूट. तिला ते खरं वाटेना. एवढं खोल खणूनही पाणी खारट लागत नाही? आता त्यांचाही एक डबा सुरू झालाय. दोन वर्षांनी चौघी-पाचजणी येणार आहेत. त्यांना आमची विहीर बघायचीय. पाऊस झाला असला तर पाणी दाखवू, नसला झाला तर नुसती विहीर दाखवू, आणि भाकरी करून वाढू.